मठाच्या दारावरची घंटा: परदेशात कॅथलिक मठात पाहुणे म्हणून जाताना

परदेशात मठात मुक्काम करायचा म्हटलं की दोन प्रश्न हमखास येतात. आपण कॅथलिक नसलो तरी घेतात का? आणि तिथे फुकट राहता येतं का? पहिल्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘हो, घेतात’ असंच आहे. दुसऱ्याचं जरा लांबलचक आहे, ते ओघात येईल. त्याआधी एका जुन्या नियमावलीकडे वळते, कारण युरोपातल्या मठांची पाहुणचाराची रीत मुख्यतः तिच्यातूनच आली आहे.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठात राहणाऱ्यांसाठी ही नियमावली लिहिली. तिची प्रकरणं ७३, आणि ५३वं प्रकरण पाहुण्यांचं. दारी येणाऱ्या प्रत्येकाला साक्षात ख्रिस्त आला असं समजून घरात घ्या, असं ते सांगतं. गरिबांची आणि यात्रेकरूंची काळजी जास्त घ्या, असंही सांगतं. एवढा भाग सगळीकडे वाचायला मिळतो. पण त्याच प्रकरणात आणखी दोन गोष्टी आहेत. पाहुण्यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवा, म्हणजे ते अवेळी आले तरी बाकीच्यांच्या दिनक्रमात खंड पडणार नाही. आणि ज्याला ते काम नेमून दिलेलं नाही त्याने पाहुण्यांशी बोलत बसू नये. वाटेत भेट झाली तर नम्रपणे अभिवादन करून पुढे जावं. दार उघडंच आहे, आणि दारातून आत आल्यावर एक रेघही आखलेली आहे. ती कुठून कुठवर जाते हे पाहुण्याला कळलं की मुक्काम फार सुंदर होतो. खाली जे सांगते आहे ते बरंचसं या रेघेबद्दलच आहे.

घर कोणाचं आहे, ते आधी बघा

‘कॅथलिक मठ’ हा एकच प्रकार नाही. प्रत्येक धर्मसंघाची घडण वेगळी, आणि पाहुण्यांचं त्यात काय स्थान आहे हेही वेगळं.

पाहुणा म्हणून राहायला सगळ्यात सोपे म्हणजे बेनेडिक्टाइन मठ आणि त्यांच्याच परंपरेतले सिस्टर्शियन. सिस्टर्शियनांची सुरुवात १०९८ मध्ये फ्रान्समधल्या सितोच्या रानात झाली. त्यांच्यातली अधिक कडक शाखा म्हणजे ट्रॅपिस्ट. या सगळ्यांच्या आवारात अतिथीगृह असतंच असं धरून चालायला हरकत नाही. फ्रान्सचं सोलेम, स्कॉटलंडचं प्लसकार्डन, आयर्लंडचं ग्लेनस्टल, ऑस्ट्रियातलं हायलिगेनक्रॉइझ, अमेरिकेत केंटकीचं गेथसेमनी ही सगळी याच घराण्यातली.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला कार्थुसियन. १०८४ मध्ये संत ब्रुनोने आल्प्सच्या कुशीत ग्रांद शार्त्रझची सुरुवात केली, आणि तिथे पाहुण्यांना प्रवेशच नाही. मठापासून साधारण दोन किलोमीटरवर एक संग्रहालय आहे, तिथवर जाता येतं आणि तिथूनच परतायचं. भिंत लांबून बघू म्हणून वर चढणाऱ्यांनीही वाटेतल्या शांततेच्या पाट्या मनावर घ्याव्यात. ती शांतता त्यांनी आयुष्य देऊन घेतलेली आहे.

कार्मेलाइट आणि पुअर क्लेअर नन कडक एकांतात राहतात. त्यांची भेट होते ती बहुधा बैठकीच्या खोलीत, जाळीपलीकडून. फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन हे तेराव्या शतकातले संघ शहरात, लोकांत मिसळून काम करणारे. जेझुइट तर सामूहिक प्रार्थनेचा दिनक्रमच पाळत नाहीत. त्यांची साधना-केंद्रं असतात, आणि तिथे मार्गदर्शकासोबत ठरावीक दिवसांची मौनसाधना करायला जायचं असतं. नुसतं राहायला म्हणून तिथे जाऊ नये. आजारी, निराधार, वृद्ध यांची सेवा करणाऱ्या सिस्टर्सचं कॉन्व्हेंट म्हणजे त्यांचं राहतं घर. तिथे जायचं तर कामात हात लावायच्या तयारीने, आणि आधी विचारून.

फ्रान्समधलं तेझे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. १९४० मध्ये सुरू झालेला तो समुदाय वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांतल्या ब्रदर्सचा मिळून आहे, कॅथलिक संघ नव्हे. तरुणांसाठी तिथे आठवडाभराच्या बैठका असतात. शेकडोंच्या संगतीत तंबूत राहायची तयारी असेल तर जरूर जा, पण मठाचा निवांतपणा तिथे शोधू नका.

आणखी एक. इंटरनेटवर दिसणारं प्रत्येक ‘मोनास्टरी स्टे’ हे मठ असतंच असं नाही. जुन्या मठाच्या इमारतीत आज हॉटेल चालतं अशी ठिकाणं युरोपात भरपूर आहेत. तिथे नन राहतात का, दिवसातून किती वेळा प्रार्थना होते, पाहुण्यांना तिला बसता येतं का, एवढं विचारलं की उलगडा होतो. शंका असली तर त्या संघाच्या किंवा तिथल्या धर्मप्रांताच्या अधिकृत संकेतस्थळावर मठाचं नाव आहे का ते पाहा. अनोळखी खात्यावर आगाऊ पैसे पाठवायला सांगितलं तर थांबा.

वेळ किती आहे?

अर्धाच तास असेल तर मुक्कामाचा घाट घालू नका, एखादी प्रार्थना ऐकून या. त्यासाठी नाव नोंदवावं लागत नाही, कोणाला विचारावंही लागत नाही. पॅरिसमध्ये सें-जेरवे चर्चमध्ये १९७५ पासून शहरी मठवासी ब्रदर आणि सिस्टर एकत्र प्रार्थना गातात. रोममध्ये अवेंतीन टेकडीवरचं सांत आन्सेल्मो हे बेनेडिक्टाइनांचं जागतिक केंद्र. तिथली ग्रेगोरियन स्वरांतली सायंप्रार्थना ऐकण्यासारखी. लंडनमध्ये मार्बल आर्चपासून चालत काही मिनिटांवर टायबर्न कॉन्व्हेंट आहे, १९०३ पासूनचं. बाहेर गाड्यांची वर्दळ आणि आत वेदीवरच्या पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानल्या जाणाऱ्या पोळीसमोर, एखादी नन निश्चल बसलेली.

एक रात्र असेल तर पॅरिसच्या मोंमार्त्रवरच्या साक्रे-कर बॅसिलिकाचा विचार करा. तिथे १ ऑगस्ट १८८५ पासून रात्रंदिवस अखंड आराधना चालू आहे. रात्रीच्या आराधनेतला किमान एक तास आपल्या नावावर घेतला की शेजारच्या अतिथीगृहात मुक्काम करता येतो. मध्यरात्री दोनला उठून, पर्यटकांनी रिकाम्या केलेल्या त्या विशाल घुमटाखाली पाचसहा जणांत बसणं हा अनुभव दिवसाउजेडी मिळत नाही.

खेड्यातल्या मठासाठी मात्र एक रात्र पुरत नाही, हे माझं ठाम मत आहे. पहिला दिवस घड्याळाशी भांडण्यात जातो. दुसऱ्या दिवशी शरीर थोडं शांत होतं. मठ उमगायला लागतो तो तिसऱ्या दिवशी. कित्येक मठ किमान दोन रात्रींची अट घालतात आणि जास्तीत जास्त आठवडाभर ठेवून घेतात, त्यामागे हेच कारण असावं. आणि पहिल्यांदाच जात असाल तर नावाजलेला मठ सोडून आठदहा जणांचा लहान मठ निवडा. मोठ्या ठिकाणी तुम्ही गर्दीतले एक होता. लहान ठिकाणी दुसऱ्याच दिवशी तुम्हाला नावाने ओळखतात.

पत्र कसं लिहायचं

बहुतेक मठांत पाहुण्यांचं काम पाहणारे एक ब्रदर किंवा सिस्टर नेमलेल्या असतात. ईमेल त्यांच्या नावे जातो. उत्तराला आठवडा लागू शकतो, कारण त्यांचा दिवस स्क्रीनसमोर जात नाही. दोन-तीन महिने आधी लिहावं. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदाच नम्र आठवण करावी, किंवा फोन करावा. फोन करताना प्रार्थनेच्या आणि जेवणाच्या वेळा टाळाव्यात. त्या संकेतस्थळावर दिलेल्या असतात.

पत्र लहान आणि खरं असावं. मी साधारण असं लिहिते:

“आदरणीय अतिथी-ब्रदर, मी १२ ते १५ मे या काळात तुमच्या भागात प्रवास करते आहे. आपल्या अतिथीगृहात तीन रात्री राहायला मिळेल का? मी कॅथलिक नाही, पण आपल्या प्रार्थनांना शांतपणे बसायची आणि आपला दिनक्रम पाळायची इच्छा आहे. मी एकटी असेन. मांस, मासे आणि अंडी खात नाही. आपली भाषा मला येत नाही, इंग्रजी येतं. जागा नसेल तर तसं कळवलंत तरी आभारी असेन.”

त्यात येण्याचं कारण एका वाक्यात असावं. शांतता हवी आहे, एखादं दुःख आहे, गायन ऐकायचं आहे, काहीही चालतं. स्वस्तात राहायला मिळावं एवढंच कारण असेल तर वसतिगृह बरं. पत्र त्यांच्या भाषेत भाषांतर करून खाली मूळ इंग्रजी जोडलंत तर वयस्कर सिस्टरलाही वाचता येतं.

स्त्रियांनी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. काही पुरुष-मठांत अंगणाच्या आतलं अतिथीगृह फक्त पुरुषांसाठी असतं आणि स्त्रियांची किंवा कुटुंबांची सोय बाहेरच्या इमारतीत करतात. सोलेमला तर गावात दोन मठ आहेत, ब्रदर्सचा सें-पिएर आणि नन्सचा सेंत-सेसिल. उलट काही नन-मठांत पुरुष पाहुण्यांना मर्यादा असते. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेतलं ६६७वं कलमच सांगतं की प्रत्येक धर्मसंघाच्या घरात काही भाग फक्त तिथल्या सदस्यांसाठी राखलेला असावा.

कधी जावं, कधी जाऊ नये

गुड फ्रायडेचा पवित्र आठवडा आणि नाताळ या काळात अतिथीगृहं कित्येक महिने आधीच भरतात. त्या विधींसाठीच जायचं असेल तर फार आधी लिहा. संघाच्या संस्थापकाचा किंवा मोठ्या संताचा सण मोठ्या आनंदाचा असतो: बेनेडिक्टाइनांकडे ११ जुलै, शिवाय २१ मार्च, सिस्टर्शियनांकडे संत बर्नार्डचा २० ऑगस्ट, फ्रान्सिस्कनांकडे ४ ऑक्टोबर, कार्मेलाइटांकडे संत तेरेसाचा १५ ऑक्टोबर. विधी देखणा असतो, जेवण जरा खास असतं, पण त्या दिवशी कोणाला तुमच्याशी बोलायला फुरसत नसते. वर्षातून एकदा अख्खा समुदाय स्वतःच्या मौनसाधनेला बसतो, तेव्हा अतिथीगृह बंद असतं. म्हणून विमानाचं तिकीट मठाचं उत्तर आल्यावरच काढावं.

कागदपत्रं आणि पैसे

शेंगेन व्हिसाला राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. मठाचा साधा होकाराचा ईमेल पुरेसा ठरेल की नाही हे दूतावासावर अवलंबून असतं, तेव्हा अतिथी-ब्रदरना तारखा, तुमचं पासपोर्टवरचं नाव आणि मठाचा पत्ता असलेलं सहीचं पत्र मागा. ते देतात, फक्त वेळेत मागा.

बागेत काम करतो, बदल्यात राहू द्या, असं ठरवून जाऊ नका. कित्येक देशांत निवास-जेवणाच्या बदल्यात केलेलं कामही ‘काम’च मानलं जातं आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. मुक्कामात भाज्या निवडायला किंवा ताटं पुसायला मदत करणं निराळं, ती पाहुण्याची आपुलकी झाली.

आता तो फुकटचा प्रश्न. काही मठ ठरावीक दर सांगतात, काही ‘ऐच्छिक देणगी’ म्हणतात. ऐच्छिक म्हणजे शून्य नव्हे. मठ आपल्या हातांच्या कामावर जगतो: चीज, मध, मेणबत्त्या, मिस्सेच्या (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेच्या) पोळ्या, बिअर. आणि पाहुण्यांचं पाणी, उष्णता, धुलाई यांचा खर्च त्यातूनच निघतो. सुचवलेली रक्कम किती, हे पत्रातच विचारावं. विचारण्यात काही वावगं नाही. त्या भागातल्या साध्या लॉजला जेवणासह जे द्याल तेवढं द्यावं, असं मी धरून चालते. खरोखर अडचण असेल तर तसं सांगा. अतिथी-ब्रदर ते मनात ठेवतात आणि पुन्हा विषय काढत नाहीत. रक्कम स्थानिक चलनात, रोख, पाकिटात. रोमसारख्या इटालियन शहरांत सिस्टर्सच्या अतिथीगृहातही प्रतिरात्र पालिकेचा पर्यटक-कर वेगळा भरावा लागतो, त्यासाठी सुटे ठेवा. रोममध्येच आणखी एक सांभाळायचं: रात्री दार बंद होण्याची वेळ. ती चुकवून सिस्टरला झोपेतून उठवणं फार वाईट दिसतं.

पिशवीत काय हवं

चादर आणि टॉवेल मिळतात का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी आपले न्यावे लागतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. एक गरम शाल किंवा स्वेटर, अगदी उन्हाळ्यातही, कारण दगडी चर्चच्या भिंती पहाटे गारठलेल्या असतात. छोटी टॉर्च. आणि मऊ तळव्याच्या चपला किंवा बूट. ही शेवटची वस्तू क्षुल्लक वाटते, पण फरशीच्या लांब मार्गिकेत पहाटे तीनला कडक टाचेचं एक पाऊल अख्ख्या मजल्याला ऐकू जातं.

भेटवस्तू न्यायचीच तर सगळ्यांत वाटता येईल अशी, सीलबंद, आणि त्या देशात खाद्यपदार्थ नेण्याचे नियम पाहून. एका ब्रदरला किंवा सिस्टरला खाजगी भेट देऊ नये. त्यांनी निर्धनतेचं व्रत घेतलेलं असतं. मिळालेली वस्तू समुदायाची होते.

पोचताना

सायंप्रार्थनेच्या किमान एक तास आधी पोचायचं, हा नियम करून टाका. तो मी एकदा मोडला. शेवटची बस उशिरा आली, मठाच्या वाटेवर अंधार पडला, आणि दाराशी पोचले तेव्हा आतून कंप्लिनचे, म्हणजे दिवसातल्या शेवटच्या प्रार्थनेचे स्वर येत होते. घंटेची साखळी हातात धरली होती, पण ओढायचा धीर होईना. तेवढ्यात दिसलं की दाराच्या कडीत एक पाकीट अडकवलेलं आहे, वर माझं नाव. आत किल्ली, खोलीपर्यंतचा पेन्सिलीने काढलेला नकाशा, आणि एक ओळ: ‘स्वयंपाकघरात झाकून ठेवलं आहे. सकाळी भेटू.’ टेबलावर वाडगाभर सूप होतं, त्याच्यावर पालथी घातलेली बशी, आणि बशीवर ब्रेडचे तीन तुकडे. कंप्लिननंतर मठात ‘महामौन’ सुरू होतं. बेनेडिक्टच्या नियमाचं ४२वं प्रकरण त्याबद्दलच आहे. माझ्यासाठी ते मोडावं लागू नये म्हणून कोणीतरी आधीच एवढा विचार करून ठेवला होता. तेव्हापासून मी एक बस आधीची पकडते, आणि तरी उशीर झालाच तर वाटेतून फोन करते.

भेटल्यावर संबोधन साधं ठेवा. ब्रदर, फादर, सिस्टर, मदर. फ्रान्समध्ये फ्रेर, पेर, सर, मेर. स्पेनमध्ये एर्मानो, पाद्रे, एर्माना, माद्रे. इटलीत फ्रा, पाद्रे, सुओरा. जर्मन भाषकांकडे ब्रूडर, पाटर, श्वेस्टर. हस्तांदोलनाला समोरच्याने हात पुढे केला तर आपण करावा, नाहीतर किंचित वाकून अभिवादन पुरतं.

खोलीत एक कागद असतो: वेळा, जेवण, कुठे जायचं, कुठे नाही. तो आधी वाचा. ‘क्लॉझुरा’, ‘क्लोत्यूर’, ‘एन्क्लोजर’ असं लिहिलेल्या दारापलीकडे जायचं नाही, दार उघडं दिसलं तरीही. वायफायचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारू नका.

प्रार्थनेला बसताना

मठाचा दिवस प्रार्थनांनी बांधलेला असतो. पहाटेची जागर-प्रार्थना, सूर्योदयाच्या सुमाराची प्रातःप्रार्थना, दिवसातल्या छोट्या प्रार्थना, सायंप्रार्थना, आणि झोपण्याआधी कंप्लिन. गेथसेमनीत पहिली प्रार्थना पहाटे सव्वातीनला. सगळ्यांना जायलाच हवं असं नाही. कोणी हजेरी घेत नाही. पण एकदा तरी पहाटेला जा. सायंप्रार्थना आणि कंप्लिन सहसा चुकवू नका.

या प्रार्थनांचा गाभा म्हणजे बायबलमधली १५० स्तोत्रं. बेनेडिक्टने ती सगळी एका आठवड्यात पूर्ण करायला सांगितली होती. आज बरेच मठ दोन किंवा जास्त आठवड्यांत पुरी करतात. मठवासी समोरासमोर दोन रांगांत बसतात आणि एकेक कडवं आलटून पालटून म्हणतात. ओळीच्या मध्ये एक छोटा विराम असतो. पाहुण्यांच्या हातून चूक होते ती तिथेच: आपण घाईने पुढे जातो आणि शांततेत आपला एकट्याचा आवाज उमटतो. पहिले दोन दिवस फक्त ऐका. म्हणायचंच असेल तर शेजाऱ्याला ऐकू येईल त्याहून कमी आवाजात.

भाषा कुठे लॅटिन, बहुतेक ठिकाणी स्थानिक. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हा बदल झाला. पुस्तकं दोन-तीन असतात, रंगीत फिती लावलेली, आणि मधूनच एकातून दुसऱ्यात उडी मारायची असते. गोंधळलात तर शेजारचा पाहुणा बोट ठेवून दाखवतो.

शरीराचं काय करायचं? सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा जयजयकार येतो तेव्हा सगळे कमरेतून वाकतात. तुम्ही मान लववली तरी छान. वेदीजवळ जिथे लाल दिवा तेवत असतो तिथे पवित्र साक्रामेंत ठेवलेलं असतं, म्हणून कॅथलिक तिथे गुडघा टेकवतात. इतर श्रद्धेच्या माणसाने तसं करावं अशी अपेक्षा नसते. मनात नसलेली खूण नुसती नक्कल म्हणून करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. आदराने उभं राहणं पुरेसं आहे.

कंप्लिनच्या शेवटी सिस्टर्शियन मठांत दिवे मालवतात आणि मरियेच्या प्रतिमेवर एकच उजेड ठेवून ‘साल्वे रेजिना’ गातात. मग ॲबट, म्हणजे मठप्रमुख, दाराशी उभे राहून एकेकावर पवित्र पाणी शिंपडतात, बऱ्याच मठांत पाहुण्यांवरही. रांगेत जायचं, मान लववायची, आणि न बोलता खोलीकडे.

मिस्सा

मिस्सेला कोणीही बसू शकतं. ख्रिस्तशरीर घ्यायला मात्र फक्त कॅथलिकांनीच पुढे जायचं, तेही तयारीनिशी. त्याआधी एक तास काही खायचं नसतं. तुम्ही कॅथलिक नसाल तर जागेवर बसून राहा. काही देशांत छातीवर हात फुलीसारखे ठेवून रांगेत गेलं की फादर नुसता आशीर्वाद देतात, पण ही प्रथा सगळीकडे नाही, म्हणून आधी विचारा. कुतूहलापोटी हात पुढे करून ती पातळ पोळी घेणं, किंवा घेऊन खिशात ठेवणं, हे त्यांना खोलवर दुखावतं. त्यांच्यासाठी ती ख्रिस्ताचं शरीरच असते. शांतीची खूण म्हणून शेजारी हात पुढे करतो तेव्हा मात्र मोकळेपणाने हात द्या.

फोटो प्रार्थनेच्या वेळी काढायचे नाहीत. गाणं लपूनही रेकॉर्ड करायचं नाही. रिकामं चर्च टिपायचं असेल तर परवानगी घेऊन. मठवासीयांचे चेहरे विचारल्याशिवाय कधीच नाही.

जेवणाची खोली

कित्येक मठांत जेवण मौनात होतं. एक जण उंच जागेवरून वाचत असतो, चरित्र असेल, इतिहास असेल, आणि बाकीचे ऐकत जेवतात. ब्रेड हवा, पाणी हवं, तर मागायचं कसं? नियमाच्या ३८व्या प्रकरणात त्याचं उत्तर आहे: एकमेकांना असं वाढा की कोणाला काही मागावंच लागू नये. मी पहिल्यांदा अशा टेबलाशी बसले तेव्हा समोरच्या वृद्ध ब्रदरांचे डोळे ताटावर होते, असं मला वाटलं. माझा पेला अर्ध्यावर आला आणि पाण्याचा जग माझ्यापुढे सरकला. मीठ शोधायला नजर फिरवली, तर मीठदाणी हाताशी. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पेल्याकडे लक्ष ठेवायला लागले. सगळं जेवण एका शब्दाशिवाय झालं, आणि इतकं लक्ष देऊन मी कोणाबरोबर क्वचितच जेवले असेन. जेवण संपल्याची खूण म्हणजे टेबलावर एक टकटक किंवा छोटी घंटा. ती होईपर्यंत उठायचं नाही, आणि ती व्हायच्या आत आपलं संपलेलं असावं, तेव्हा ताटात बेताचं घ्या.

शाकाहारी माणसांनी नीट समजावून सांगायला हवं. कॅथलिक परंपरेत उपवासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, पण मासे चालतात. त्यामुळे ‘मांस नको’ एवढंच लिहिलंत तर प्रेमाने मासा वाढला जातो. मासे, अंडी, मांसाचा रस्सा घालून केलेलं सूप, जे चालत नाही ते नाव घेऊन लिहा. ट्रॅपिस्ट स्वतः परंपरेने मांस टाळतात, तिथे सोपं जातं. फ्रान्स-इटलीत टेबलावर वाइन असते. नको असेल तर पेला पालथा ठेवा. जेवणानंतर पाहुण्यांनी ताटं आवरायची असतील तर स्वयंपाकघरात हळू आवाजात थोडं बोलणंही होतं, आणि तुमची खरी ओळख बहुधा तिथेच होते.

बोलायचं असेल तर

मौन म्हणजे मनाई नव्हे. कोणाशी बोलायचं असेल तर अतिथी-ब्रदरना सांगा, ते वेळ ठरवून देतात. मनात काही सलत असेल तर अनुभवी फादर किंवा सिस्टर ऐकून घेतात. तुम्ही कोणत्या धर्माचे, हे ते विचारतीलच असं नाही. प्रश्न विचारा: किती वर्षं इथे आहात, दिवसातलं कोणतं काम आवडतं. ‘लग्न का नाही केलं’, ‘घरची आठवण येत नाही का’ अशा प्रश्नांनी सुरुवात करू नका. ओळख झाल्यावर त्या गोष्टी ते स्वतःच सांगतात.

एक गंभीर गोष्ट. झगा पाहून आपलं भान बाजूला ठेवायचं नाही. कोणाचं वागणं खटकलं, नको तेवढी जवळीक वाटली, मुक्काम वाढवायचा किंवा पैशांचा दबाव आला, तर मठप्रमुखांना सांगा आणि निघा. आपण कुठे आहोत आणि कधी परतणार, हे बाहेरच्या एका माणसाला नेहमी माहीत असू द्या.

जाळीपलीकडे

स्पेनमध्ये बंदिस्त नन-मठांच्या भिंतीत ‘तोर्नो’ असतं, उभं फिरणारं लाकडी पिंप. सेव्हिल, माद्रिदसारख्या शहरांत तिथून नन्सनी केलेल्या मिठाया विकत घेता येतात. घंटा वाजवली की आतून आवाज येतो, ‘आवे मारिया पुरीसिमा’. त्याला उत्तर ‘सिन पेकादो कोन्सेबिदा’. मग काय हवं ते सांगायचं, पैसे पिंपाच्या फळीवर ठेवायचे. पिंप करकरत फिरतं, पैसे आत जातात आणि डबा बाहेर येतो. चेहरा दिसत नाही. डोकावून पाहायचा प्रयत्न करू नये. बोलण्यासाठी असलेल्या खोलीत जाळीमागे सिस्टर येऊन बसल्या तर मात्र त्या भरभरून बोलतात, हसतात, आणि बाहेरच्या जगाबद्दल विचारतात. वेळ संपल्याची घंटा झाली की वाक्य अर्धं राहिलं तरी उठतात. आपणही उठावं.

निघताना

आदल्या दिवशीच अतिथी-ब्रदरना निघण्याची वेळ सांगा आणि निरोप घ्या, कारण सकाळी ते प्रार्थनेत असू शकतात. पलंगावरच्या चादरी काढून घडी करा किंवा कागदावर लिहिलं असेल तसं. खिडकी बंद, दिवा बंद, किल्ली ठरल्या जागी. देणगीचं पाकीट हातात देण्यापेक्षा ठेवलेल्या पेटीत टाका. दुकान असेल तर तिथून काही घ्या. ते थेट घराला लागतं.

कोणासाठी प्रार्थना व्हावी असं वाटत असेल तर चर्चच्या दाराशी बहुधा एक वही असते. तुमच्या भाषेत, तुमच्या लिपीत लिहिलं तरी चालतं. नाव आणि दोन शब्द पुरेत.

घरी पोचल्यावर एक पोस्टकार्ड पाठवा, संपूर्ण समुदायाच्या नावे. मुक्कामाच्या तारखा लिहा, म्हणजे त्यांना तुम्ही आठवाल. पुन्हा जायचं असेल तर पुढच्या पत्रात याच मुक्कामाचा उल्लेख करा आणि तेव्हाही दोन-तीन महिने आधी लिहा.